कढवलेल्या चरबीचे सात महिने

छातीत दोन स्टेंट घेऊन फिरणारा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, आता हा चालायला सांगणार, मीठ कमी करा म्हणणार. घाबरू नका. मला उपदेश करायचा अधिकारच उरलेला नाही. मी फक्त माझा गाढवपणा सांगणार आहे. तो सांगायचं कारण एवढंच, की आपल्या माणसांत असे गाढव आणखी असणार याची मला आता खात्री पटली आहे.

माझं नाव इकबाल. गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं, पण एकवीस वर्षं झाली, बहरीनला आहे. एका ट्रेडिंग कंपनीत शिपिंगचे कागद तपासतो. तिथल्या झिंज भागात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बायको झुलेखा, मुलगी सना, ती बारावीला. झुलेखाचे थोरले भाऊ हनीफभाई जवळच सनाबिसला राहतात, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. मला इथे आणलं त्यांनी, माझा पहिला व्हिसा काढला त्यांनी, बहीण दिली त्यांनी. त्या माणसाचा मी जन्मभराचा मिंधा आहे आणि त्याच माणसाचा जीव मी जवळजवळ घेतला होता.

पांढरी बरणी

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वर निघालं. डॉक्टरने रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी लावून दिली, कायमची. हनीफभाई तीच गोळी माझ्याआधी कितीतरी वर्षं घेत होते, जोडीला ब्लडप्रेशरची. त्यांचे अब्बा, म्हणजे माझे सासरे, बावन्नाव्या वर्षी मशिदीत नमाजाआधीचा वजू करता करता गेले. तेव्हापासून त्या घरात गोळी म्हणजे गोळी. झुलेखा माझी गोळी स्वतःच्या हाताने माझ्या तळहातावर ठेवायची, पाण्याच्या ग्लासासकट.

मग माझ्या मोबाइलवर एक पैलवान आला. रोज एक रील. बाजारातली सगळी तेलं म्हणजे विष, बैलाची कढवलेली चरबी म्हणजे अमृत. सांधे सुधारतात, कातडी उजळते, डोकं तल्लख होतं आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांची लबाडी. त्या गोळ्यांनी म्हणे स्नायू झडतात. माझे गुडघे दुखतच होते. मी म्हटलं, सापडला चोर!

मार्केटमधल्या खाटकाकडे जाऊन बीफच्या गुर्द्याभोवतीची चरबी मागितली. तो पेशावरचा. मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "भाई, कुत्ता पाला है क्या?"

ती चरबी बारीक कापून, टोपात थोडं पाणी घालून, मंद आचेवर तीन तास ठेवायची. करवड्या, म्हणजे चरबीचे उरलेले कुरकुरीत तुकडे, खाली बसले की मलमलच्या फडक्यातून गाळायची. जानेवारी होता म्हणून खिडक्या तरी उघड्या होत्या. तरीही झुलेखा नाकाला ओढणी लावून म्हणाली, "घर आहे का खाटीकखाना? पडद्यांना वास बसला तर पडदे तुम्हीच धुवायचे."

पण थंड झाल्यावर बरणीत काय रूप आलं! हिवाळ्यातलं गोठलेलं खोबरेल जसं, तसं पांढरंशुभ्र. त्यात बटाटे तळले. खोटं कशाला बोलू, तसे बटाटे मी जन्मात खाल्ले नव्हते. पडदे विसरून झुलेखाने दोनदा वाढून घेतले.

तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आपलं कसं असतं, एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. अंडी चरबीत, भाकरीला चरबी, सकाळच्या काळ्या चहात चमचाभर चरबी. एकदा तर सुरमई चरबीत तळली. त्या सुरमईने काय गुन्हा केला होता, अल्ला जाणे. सनाला म्हटलं, चेहऱ्याला लाव. आठ दिवसांत तिच्या कपाळावर पुरळ आलं. आमची मुलगी मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. म्हणाली, "अब्बा, आय स्मेल लाइक अ बर्गर. अँड नाऊ आय लुक लाइक अ पिझ्झा."

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. भांडी घासून आणि दिवसभराच्या एसीने झुलेखाच्या हातांना भेगा पडायच्या, त्यांना चरबीने आराम पडला. महागड्या क्रीमने जे झालं नव्हतं ते झालं. बस, मग काय, मी घरातला हकीमच झालो.

कढीपत्ता

गोळी मी सोडली. पण झुलेखाला सांगायची छाती नव्हती. ती गोळी हातावर ठेवायची, मी ती जिभेखाली सरकवायचो, पाणी प्यायचो, आणि हवा खायच्या निमित्ताने गॅलरीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकायचो. चोपन्न वर्षांचा बाप्या मी! सात महिने हा धंदा चालला. कढीपत्ता इतका माजला की शेजारीण फांदी मागायला येऊ लागली.

शुक्रवारी सकाळी हनीफभाईंकडे आमच्या भागातले पाच-सहा जण नाश्त्याला जमतात. कोण मंडणगडचा, कोण श्रीवर्धनचा. घावणे, खिमा, चहा आणि सगळ्या जगाची पंचाईत. तिथे मी चरबीचं व्याख्यान द्यायचो. हनीफभाई शांतपणे ऐकायचे. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे इकबाल. पण रिपोर्ट काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रिपोर्ट काढलाच नव्हता. आणि मी म्हणालो, "भाई, एकदम खाली आलंय. डॉक्टर पण चकित."

का म्हणालो? मान खाली जाऊ नये म्हणून. दुसरं काहीच कारण नाही. तोंडातून निघून गेलं, आणि पुढच्या शुक्रवारी हनीफभाईंनी मला बाजूला घेऊन, चोरी करताना पकडल्यासारखं हसत सांगितलं, "मी पण सोडल्या गोळ्या. तुझ्या भाबीला बोलू नकोस."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

छातीवर कोणीतरी बसलं

ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे दहा. लिफ्ट बंद होती. मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढलो. दारात पोचेस्तोवर जबडा दुखायला लागला. दात असेल म्हटलं. मग डावा हात जड झाला, घामाने सदरा पाठीला चिकटला आणि छातीवर कोणीतरी मांडी ठोकून बसलं.

"गॅस झालाय, सोडा दे," मी म्हणालो.

झुलेखाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सोडा आणायला गेली नाही. तिने आपल्या अब्बांचा चेहरा पाहिलेला होता. सनाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जिन्यावरून उतरवताना झुलेखा माझा हात धरून एकच गोष्ट प्रत्येकाला सांगत होती. ॲम्ब्युलन्सवाल्याला, कॅज्युअल्टीतल्या नर्सला, डॉक्टरला, हिंदीत, इंग्लिशमध्ये, मोडक्यातोडक्या अरबीत: "गोळी रोज घेतात हो. मी स्वतःच्या हाताने देते. एक दिवस चुकली नाही."

मला आयुष्यात बऱ्याच वेदना झाल्या असतील. पण छातीपेक्षा जास्त ते वाक्य दुखत होतं, आणि माझ्याच्याने बोलवत नव्हतं.

हार्ट अटॅक. मनगटातून तार घालून दोन स्टेंट बसवले. मी जागा होतो. छतावरच्या दिव्यात एक मेलेली माशी होती, तिच्याकडे बघत मी कुराणातल्या येत होत्या तेवढ्या सगळ्या सूरा म्हणून टाकल्या. भीती वाटली का? वाटली. इतकी वाटली की लाज वाटायला जागाच उरली नाही.

सिस्टर फिलोमिना

हार्टच्या वॉर्डात वेळ घड्याळाने चालत नाही, सुईने चालते. पहाटे रक्त, मग ईसीजी, मग बिनमिठाचं ऑम्लेट, मग पुन्हा सुई. शेजारच्या खाटेवर एक बहरीनी म्हातारबाबा होते. प्रत्येक सुईला ते मला अंगठा दाखवून म्हणायचे, "यल्ला, खलास!" म्हणजे चला, संपलं! आणि पुढची सुई यायची.

दुसऱ्या दिवशी बीपी घेता घेता सिस्टर स्वतःशीच पुटपुटली, "काय ही मेली मशीन, कालपासून रडतेय." मी उठूनच बसलो. वसईची फिलोमिना! त्या क्षणी मला मायबाप भेटल्याचा आनंद झाला. इंग्लिशमध्ये मी दोन दिवस "फाईन, फाईन" म्हणत होतो. तिने मराठीत विचारलं, "काका, कसं वाटतंय?" आणि मला रडूच कोसळलं.

तिला मी पहिल्यांदा खरं सांगितलं. चरबी, गोळ्या, कुंडी, सगळं. ती हसली नाही. कढीपत्त्याच्या जागी थोडी हसली. म्हणाली, "चरबी हाताला लावता तर लावा. माझी आई टाचांना लावायची. नीट गाळलेली, स्वच्छ पाहिजे, वास नाही मारला पाहिजे. उघड्या जखमेला नाही, पू झालेल्याला नाही, आणि मुलीच्या पिंपल्सना तर अजिबात नाही. ते मलम आहे काका, औषध नाही. पण हे गोळ्यांचं डॉक्टरना आजच सांगा. नाहीतर मी सांगेन."

डॉक्टर एक तरुण बहरीनी बाई, हिजाबवर स्टेथोस्कोप. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, कधीमधी त्यात बटाटे तळून खाल्ले म्हणून कोणी मरत नाही. पण रोज चमच्याने खाल्लीत, त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि ते खाली ठेवणारी गोळी तुम्ही झाडाला घातलीत. चरबी हे खाणं आहे, ते गोळीच्या जागी बसत नाही.

मी विचारलं, "डॉक्टर, समजा दुसरा एक माणूस आहे. अठ्ठावन्न वर्षांचा. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्टने गेले. त्याने पण पाच महिन्यांपासून गोळ्या बंद केल्यात."

तिने पेन खाली ठेवलं. "हा माणूस कुठे आहे?"

"आज चार वाजता मला भेटायला येणार आहे."

"मग चार वाजता त्याला सांगा," ती म्हणाली.

चार वाजता

झुलेखा तांदळाची पेज घेऊन आली होती, खाटेच्या कडेला बसून चमच्याने फुंकर घालून देत होती. हनीफभाई आले. मला मिठी मारली, डोळे पुसले, आणि पिशवीतून एक बरणी काढून टेबलावर ठेवली. काठोकाठ भरलेली, पांढरीशुभ्र.

"काल स्वतः कढवली," ते म्हणाले. "डॉक्टर काय वाटेल ते बोलू देत. चरबी होती आत म्हणून निभावलंस तू. नाहीतर माणूस जागच्या जागी जातो. आता तर मी चमचे वाढवणार आहे."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी खाटेसकट आत जावं. समोर झुलेखा बसलेली, हातात चमचा. भाईंना खरं सांगायचं तर तिच्यासमोरच सांगायला लागणार. थांबावं, ती गेली की सांगू, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात भाईंनी छातीवर, मधोमध, तळवा चोळला. आपल्याच नादात. दोनदा.

"भाई, मी रिपोर्ट काढलाच नव्हता," मी म्हणालो.

"कसला रिपोर्ट?"

"सगळ्यांसमोर बोललो ना, कोलेस्टेरॉल खाली आलंय. खोटं बोललो. तपासलंच नव्हतं. गोळ्या सोडल्या, चरबी खाल्ली आणि इथे येऊन पडलो. चरबीने वाचवलं नाही मला. तुम्ही आज, आत्ता गोळ्या चालू करा. छाती दुखते ना तुमची? खरं सांगा."

हनीफभाईंचा हात छातीवरच राहिला. "मग मी काय समजून सोडल्या रे?"

"माझ्यावर विश्वास ठेवून."

ते उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. "अब्बा कसे गेले, माहीत होतं तुला," एवढंच म्हणाले, टोपी उचलली आणि गेले. बरणी तशीच राहिली.

झुलेखा पेज ढवळत होती. मग तिने विचारलं, "मी दिलेल्या गोळ्या कुठे जायच्या?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत."

तिने डबा बंद केला, ओढणी सारखी केली, आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तिला जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. सिस्टर फिलोमिना आली, बरणी पाहिली, आम्हा दोघांना पाहिलं, आणि "हे वॉर्डात चालत नाही" म्हणून बरणी उचलून घेऊन गेली. त्या बाईला जन्नत लाभो.

बारा दिवस

घरी आलो. बिनमिठाची आमटी, सकाळ-संध्याकाळ मॉलच्या गारव्यात चालणं, कारण ऑगस्टमध्ये बाहेर चालायचं म्हणजे स्टेंट वितळायचे. मुलगी रुसली होती, पण माझ्या गोळ्यांचा अलार्म तिनेच मोबाइलवर लावला. झुलेखा सगळं करत होती. जेवण, कपडे, बीपीची वही. फक्त बोलत नव्हती. कामापुरतं बोलायची: "पाणी." "चप्पल." रोज गोळी द्यायची, समोर खुर्ची ओढून बसायची, आणि मी गिळली की म्हणायची, "तोंड उघडा." मी उघडायचो. ती मोबाइलचा टॉर्च मारून जीभ वर, जीभ खाली बघायची.

रोज ती भावाला फोन लावायची. ते उचलायचे नाहीत. भाबीकडून कळायचं, बरे आहेत, कामावर जातात, कोणाशी बोलत नाहीत. गोळ्या चालू केल्या की नाही, भाबीला ठाऊकच नव्हतं, कारण बंद केल्याचंच ठाऊक नव्हतं. ते सगळं मीच तिला फोनवर सांगितलं. पुढे काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या बारा दिवसांत माझ्या छातीचा विचार माझ्या मनात आला नाही. फोन वाजला की आधी धावत जाऊन नाव बघायचो, भाबी तर नाही ना.

तेराव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. हनीफभाई. आत आले, बसले, पाणी प्यायले आणि खिशातून पाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "कागद तपासणं तुझं काम ना? वाच. मोठ्याने."

मी वाचला. सगळे आकडे, जसेच्या तसे, एकही इकडचा तिकडे न करता. वाईट होते. शेवटी लिहिलं होतं, अँजिओग्राफी, मंगळवार.

"तू सांगितलंस त्याच संध्याकाळी गेलो होतो डॉक्टरकडे," ते म्हणाले. "छाती महिनाभर दुखत होती. मला वाटायचं, एसीचे डबे उचलून दुखतेय." मग ग्लास खाली ठेवत म्हणाले, "तू मंगळवारी ये बाहेर बसायला. झुलेखाला नको. तिचं एकदा बसून झालंय. मला भीती वाटतेय रे इकबाल."

त्या माणसाने माझ्याकडे एकवीस वर्षांत एकदाही काही मागितलं नव्हतं.

मंगळवार

बाहेरच्या खुर्च्या निळ्या आहेत, प्लास्टिकच्या, पाठीला टोचणाऱ्या. मी दोन तास बसलो. दार उघडलं की उभा राहायचो, दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं की बसायचो. आत झोपलेल्याचं सोपं असतं हो, त्याच्याकडे निदान बघायला माशी असते. मला आणलं त्या शनिवारी झुलेखा इथे एकटी बसली होती, मी गोळी रोज घेतो असं समजून, आपल्याच हातून काही चुकलं असेल का याचा विचार करत. ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी तिथेच तोंड झाकून रडलो. समोरच्या माणसाने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

हनीफभाईंना एक स्टेंट बसला. नव्वद टक्के बंद होती ती नळी. वॉर्डात आणल्यावर डोळे उघडून पहिलं वाक्य: "तुला किती बसले होते?"

"दोन."

"मला एकच," ते म्हणाले. "शुक्रवारी सगळ्यांना सांग. आणि घावणे तेलात कर म्हणावं भाबीला."

शुक्रवारी मी सगळ्यांना सांगितलं, उभा राहून, रिपोर्टच्या खोटेपणासकट. कोणी हसलं नाही. श्रीवर्धनचा एक जण माझ्याबरोबर जिना उतरताना कानाशी लागला, "इकबालभाई, मी पण बंद केल्या होत्या. आता नुसत्या चालू करू, की आधी डॉक्टरला दाखवू?" त्याला तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

मंगळवारच्या त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा झुलेखा दारातच उभी होती. भाऊ सुखरूप आहे हे तिला फोनवर कळलं होतं, पण मी परत एकदा सगळं सांगितलं. तिने ऐकलं. जेवण वाढलं. जेवण झाल्यावर गोळी आणि ग्लास घेऊन समोर बसली. मी गोळी गिळली आणि ती टॉर्च लावायच्या आत धीर करून विचारलं, "झुलेखा, मला माफ करशील का कधी?"

"माफ तर हॉस्पिटलात त्या खिडकीतच केलं," ती म्हणाली. "विश्वास बसायला वेळ लागेल. तोंड उघडा."